कोयता निघायच्या आधी: घरातल्या पहिल्या कॉलेजवाल्यांसाठी

दसरा झाला की आमच्या वस्तीवर ट्रक लागायचे. भांडीकुंडी, बाजरीचं पोतं, शेळी, तान्ही लेकरं सगळं त्यात चढायचं आणि धारूरच्या घाटावरून खाली उतरून साखर कारखान्याकडे निघायचं. मागे राहायची म्हातारी माणसं आणि आम्ही शाळेतली चार-दोन पोरं. बारावीच्या वर्षी मीही आजीजवळ राहिले. मार्क चांगले पडले, नर्सिंगला नंबरही लागला. पण जात वैधता प्रमाणपत्र शेवटच्या तारखेपर्यंत हातात आलं नाही आणि जागा गेली. अर्जाला अण्णांचं शपथपत्र लागत होतं, चुलत्याच्या शाळेचा उतारा लागत होता, आणि दोघंही सहा महिने उसाच्या फडात. त्या वर्षी मी माय-अण्णांबरोबर मोळ्या बांधल्या. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, शिकले, आज शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात वस्तीवरची पोरं कागद घेऊन माझ्याकडे येतात. बीडचीच नव्हे, जालना-परभणीकडची पाहुण्यांची पोरंसुद्धा. त्यांच्यात हुशारीची कमी मला कधी दिसली नाही. अडतं ते वेळेवर. शाळा-कॉलेजचं वर्ष जूनपासून चालतं आणि आपल्या घराचं वर्ष कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामावर चालतं. ही दोन वर्षं एकमेकांना जुळवून घ्यायची, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. आठवी ते बारावीतल्या पोरापोरींनी वाचा. ज्यांना वाचता येत नाही अशा आई-बापांना वाचून दाखवा.

1. आधी जाऊन बघा

स्वप्न बघायला आधी काहीतरी डोळ्यांनी बघितलेलं असावं लागतं. लहानपणी मी शिकलेली माणसं बघितली ती एवढीच: गुरुजी, तलाठी, आणि लसीकरणाला येणाऱ्या नर्सबाई. म्हणून मला नर्स व्हायचं होतं. भूगर्भशास्त्रज्ञ किंवा ग्रंथपाल नावाची माणसं असतात हे माहीतच नव्हतं.

तेव्हा नववी-दहावीत असताना एक दिवस काढा. पासावर एसटीने तालुक्याला जा. मुलींना ग्रामीण भागात बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट आहे आणि मुलांनाही मासिक पासात मोठी सवलत आहे. आयटीआयच्या कार्यशाळेत डोकवा, कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघा, ग्रंथालयात बसा. कुणी हटकलं तर सांगा, "पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचाय, बघायला आलोय." हाकलून देणारा शिपाई मला तरी आजवर भेटला नाही.

छत्रपती संभाजीनगरला जाणं झालं तर नागसेनवनात जरूर जा. निजामाच्या राज्यात मराठवाड्यात उच्च शिक्षण जवळपास नव्हतंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते 1958 मध्ये, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ तर 1994 मध्ये. माझ्या आजीचा जन्म 17 सप्टेंबर 1948 च्या, म्हणजे मुक्तिसंग्रामाच्या आधीचा. तिच्या वयाच्या माणसांना कॉलेजची पायरी दिसली नाही, यात त्यांच्या डोक्याचा दोष नव्हता. पायरीच बांधलेली नव्हती. घरात कुणी "आपल्यात कोण शिकलंय?" असं विचारलं की मी हेच सांगते.

2. कागदांची पिशवी

ही सगळ्यात मोठी पायरी आहे, म्हणून सावकाश वाचा. एक प्लास्टिकची चेनची पिशवी घ्या आणि त्यात हे जमवायला लागा:

- स्वतःचं आधार कार्ड. वयाच्या 15 व्या वर्षी बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, ते दिलेले असावेत.
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाइड, आणि दहावीची गुणपत्रिका.
- वडिलांचा शाळेचा दाखला. ते शाळेत गेले नसतील तर चुलते किंवा आत्या यांचा.
- आजोबांच्या पिढीतला जातीची नोंद असलेला एखादा जुना कागद.
- जातीचा दाखला.
- वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला. आपण त्याला डोमिसाइल म्हणतो.
- नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत-प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला. हे ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि एसईबीसी (मराठा आरक्षणातले) यांना लागतं, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही.
- उत्पन्नाचा दाखला.
- रेशन कार्ड आणि दहा-बारा फोटो.
- ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे नोंद करून मिळतं. वसतिगृहासाठी कामी येतं.

आता क्रम. जातीचा दाखला, डोमिसाइल आणि नॉन-क्रिमिलेअर या तिन्हींचे अर्ज कोयता निघायच्या आधी, म्हणजे पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत उरकायचे. वडिलांची सही, फोटो, शपथपत्र आणि तलाठ्यापुढे हजेरी, हे सगळं ते गावात असतानाच होतं.

उत्पन्नाच्या दाखल्याचं मात्र उलटं आहे. तो सहसा 31 मार्चपर्यंतच चालतो. दिवाळीत काढलेला दाखला जूनमधल्या प्रवेशाला शिळा होतो. म्हणून कोयता परत आला की एप्रिलमध्ये पहिलं काम तेच करायचं. मे महिन्यात तहसीलला गर्दी होते, तेव्हा जाऊ नका.

अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सेतूत होतात. प्रत्येक अर्जाची पावती घ्या आणि पावतीवरचा क्रमांक वहीत उतरवून ठेवा. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून लागू आहे, त्यामुळे प्रत्येक दाखल्याला ठरलेली मुदत आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करता येतं. पावती नसेल तर तुम्ही अर्ज केला होता हेच सिद्ध होत नाही. अधिकृत शुल्काचा फलक केंद्रात लावलेला असतो, तो वाचून पैसे द्या.

जात वैधतेबद्दल वेगळं सांगते, कारण माझं वर्ष त्यातच गेलं. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, शेती असल्या शिक्षणाला राखीव जागेवर जायचं असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी समितीने तो तपासून वैध ठरवावा लागतो. अर्ज अकरावीतच करा. बारावीच्या निकालाची वाट बघू नका.

समिती जुना पुरावा मागते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा. घरात कुणी शिकलेलंच नाही तर एवढा जुना कागद आणायचा कुठून? मी केलं ते असं:

आधी म्हाताऱ्या माणसांजवळ बसले आणि वंशावळ लिहून काढली. आजोबा, त्यांचे भाऊ, चुलत भाऊ, सगळे. त्यातलं एखादं माणूस दोन महिने का होईना शाळेत गेलेलं असतं. त्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागायचा. शाळेत कुणीच नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या नोंदी, खासरा पत्रक, जमिनीचे जुने कागद बघायचे. आपला भाग निजामाकडे होता, त्यामुळे जुनी नोंद उर्दूत किंवा मोडीत निघू शकते. ती वाचता येत नाही म्हणून सोडून देऊ नका. जाणकाराकडून अधिकृत भाषांतर करून घेता येतं. आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत हा फार मोठा आधार असतो. लग्नाकार्यात, जत्रेत सगळी भावकी भेटते. तेव्हाच विचारून घ्या. पुढे एकेकाला शोधत फिरावं लागत नाही.

3. नाव, नंबर आणि ओटीपी

दाखल्यावर "ज्ञानेश्वर", आधारवर "ज्ञानोबा", बँकेत "माऊली". घरात तिन्ही एकच, पण संगणकाला तीन माणसं. माझ्या एका भाच्याची शिष्यवृत्ती वर्षभर याच कारणाने अडकली. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख, आईचं नाव आणि जातीची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. शाळा सोडायच्या आधी दुरुस्ती सोपी असते, नंतर फार चकरा पडतात. नाव शाळेतलं धरायचं आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं.

दुसरा सापळा मोबाइलचा. आधारला नंबर वडिलांचा, वडील कोल्हापूरकडे फडात, फोनची बॅटरी उतरलेली आणि इकडे सेंटरवर ओटीपीची दहा मिनिटं संपत चाललेली. हे मी कितीदा बघितलंय. घरात मागे राहणाऱ्या माणसाकडे जो नंबर कायम राहील, तो आधारला आणि बँकेला जोडा. आणि तो नंबर चार वर्षं बदलू नका.

फॉर्म सेंटरवाल्याने भरला तरी लॉगिन आणि पासवर्ड तुमच्या वहीत पाहिजे. माझा एक फॉर्म भरणाऱ्याने जातीचा प्रवर्गच चुकीचा टाकला होता आणि मी न वाचता सही केली होती. सबमिट करायच्या आधी स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावा. तिथे लाजू नका.

4. रस्ता कोणता

इथे मी थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकाची आवड वेगळी.

दहावीनंतर अकरावी, आयटीआय किंवा पॉलिटेक्निक. घराला लवकर हातभार लावायचा असेल तर आयटीआयला कमी लेखू नका. पॉलिटेक्निकनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अकरावीचा प्रवेश 2025-26 पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे गावाजवळचं कॉलेज हवं असलं तरी अर्ज आणि पसंतीक्रम भरावाच लागतो.

दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला बसता येतं, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पुरवणी परीक्षा असते. शाळाच सुटली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसता येतं. बारावीनंतर काम करत शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

लातूरच्या क्लासेसबद्दल सगळे विचारतात. लातूर पॅटर्नने खेड्यातली पुष्कळ पोरं डॉक्टर केली हे खरंच आहे. पण मुकादमाकडून जास्तीची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन क्लासची फी भरू नका. ती उचल फेडायला घरातला अजून एक जण फडात जातो, आणि बहुतेक वेळा ती तुमची धाकटी बहीण असते. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि अनुसूचित जातींसाठी बार्टी या सरकारी संस्था आहेत. त्यांच्याकडे मोफत प्रशिक्षणाच्या योजना असतात, महाज्योतीकडून नीट-जेईईच्या तयारीसाठी टॅबही मिळतो. आधी तिकडे अर्ज करा.

नर्सिंग आणि पॅरामेडिकलवाल्यांना कळकळीचं सांगणं: मान्यता नसलेल्या संस्थांचे दलाल गावोगाव फिरतात. "परीक्षा नाही, हमखास नोकरी" म्हणतात. नर्सिंग किंवा पॅरामेडिकल कौन्सिलच्या मान्यता यादीत नाव बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि मूळ कागद पावतीशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

5. राहायचं कुठे

सामाजिक न्याय, बहुजन कल्याण आणि आदिवासी विकास या खात्यांची शासकीय वसतिगृहं आहेत. राहणं-जेवण मोफत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. ही वसतिगृहं ऊसतोड मजूर जास्त असलेल्या तालुक्यांतच आहेत, तेव्हा तुमच्या जिल्ह्यात कुठे सुरू आहे ते समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारा. लहान भावंडं असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय असते. ती सुरू करायला मुख्याध्यापकांना दसऱ्याआधीच नावं द्यावी लागतात. हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि मग लेकरं ट्रकमध्ये चढतात.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर खोली आणि जेवणाच्या खर्चासाठी पैसे खात्यात देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासींना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. मराठा समाजातल्या गरजू मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृहाला अर्ज केला होता याची पावती मात्र जपून ठेवा.

6. पैसा खात्यात येईपर्यंत

आठवीत असाल तर एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा नक्की द्या. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत शिकत असाल आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल तर बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. गुरुजींनी फॉर्म भरायचं नाव काढलं नाही तर तुम्ही काढा.

दहावीनंतरच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर. मुलींसाठी 2024-25 पासून मोठी गोष्ट झाली आहे. व्यावसायिक शिक्षणाला शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून नंबर लागला आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल) मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. "पोरीला शिकवायला पैसा कुठाय" असं म्हणणाऱ्या बापापुढे हे वाक्य दोनदा वाचा.

पैसा आधार जोडलेल्या खात्यात येतो. दोन खाती असतील तर ज्याला शेवटी आधार जोडलं त्यात जातो. तुम्ही नव्या खात्याकडे डोळे लावून बसता आणि रक्कम शाळेत असताना काढलेल्या बंद खात्यात अडकते. बँकेत जाऊन विचारा: "माझं आधार डीबीटीसाठी कोणत्या खात्याला जोडलेलं आहे?" हाच प्रश्न, याच शब्दांत.

शिष्यवृत्ती उशिरा येते हे धरूनच चाला. पहिले चार-सहा महिने वही, बस आणि साबणाचे पैसे हाताशी पाहिजेत. पदवीला गेल्यावर विद्यापीठात आणि बऱ्याच कॉलेजांत कमवा आणि शिका योजना असते. मी सुट्टीत मेडिकल दुकानात काम केलं.

7. घरच्यांशी बोलणं

हे कागदांपेक्षा अवघड आहे. आई-बाप शिक्षणाचे वैरी नसतात. त्यांना वस्तीवर वयात आलेल्या पोरीला एकटं ठेवायची भीती वाटते, आणि लग्न झालं की नवरा-बायकोचा एक कोयता होतो, उचल मिळते, हा हिशोबही असतो. ती भीती खोटी नाही. म्हणून "मला शिकायचंय" एवढंच म्हणून थांबू नका. राहायची सोय कुठे, वॉर्डनबाई कोण, फोन कधी करणार, खर्च किती आणि त्यातला सरकार किती देणार, हे एका कागदावर लिहून समोर ठेवा. माझी माय म्हणाली होती, "तू गेल्यावर मला फोन लावायला कोण शिकवील गं?" मी जायच्या आधी तिला हिरवं बटण आणि लाल बटण शिकवलं. त्यानंतर ती आडवी आली नाही.

बोलणी हंगामात फोनवर करू नका. आखाडात, हाताला काम कमी असताना, घरात निवांत बसलेले असताना करा. सोबत गुरुजी किंवा शिकलेली एखादी आत्या असू द्या.

आणि अठराच्या आत लग्न ठरवत असतील तर गप्प बसू नका. 2006 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर दिवसरात्र चालतो, फोन फुकट लागतो. मैत्रिणीसाठी तुम्हीही लावू शकता.

8. पहिले तीन महिने

कॉलेजात पहिल्या दिवशी सगळ्यांना सगळं येतं असं वाटेल. इंग्रजीत शिकवलेलं डोक्यावरून जाईल. मला "असाइनमेंट" म्हणजे काय हे विचारायला दोन आठवडे लागले. रोज दहा शब्द वहीत लिहा, शेजारी मराठी अर्थ लिहा, आणि ज्या सरांना प्रश्न विचारायची सगळ्यात कमी भीती वाटते त्यांना रोज एक प्रश्न विचारा. आपली बोली ऐकून कुणी हसलं तरी बोलणं थांबवू नका.

दिवाळीत सगळी पोरं गावी जातात, आपल्या घराला मात्र तेव्हा कुलूप असतं. ते चार दिवस फार जड जातात. ज्यांचं घर बंद आहे अशी दुसरी पोरं आधीच हेरून ठेवा आणि एकत्र राहा. वॉर्डनना आठवडाभर आधी सांगितलं तर जेवणाची व्यवस्था होते.

कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या बाबूंची ओळख करून घ्या. अर्जात त्रुटी निघाली की पोर्टलवर नुसता शेरा दिसतो आणि दुरुस्तीची मुदत छोटी असते, म्हणून दर सोमवारी लॉगिन करून बघा. दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, ते आपोआप होत नाही, आणि त्याला पुन्हा नवा उत्पन्नाचा दाखला लागतो. म्हणजे पुन्हा एप्रिल, पुन्हा तलाठी. ट्रक गावात आल्याचा फोन आला की अण्णांना आधी तेवढं सांगायचं: अंघोळ करा, जेवा, आणि उद्या सकाळी तहसीलला चला.